शैलाताई आणि विहारातली पेटी

शैलाताई बसत नसत. हदगावकडच्या एका जिल्हा परिषद शाळेवर त्या शिक्षिका होत्या आणि नांदेडहून रोज अप-डाऊन करत. एसटीत जागा रिकामी असली तरी दांडीला धरून उभ्या. कंडक्टर म्हणायचा, "बाई, सीट हाय की." ताई म्हणायच्या, "राहू द्या, तिला बी आराम पाहिजे." शाळेतल्या बैठकीत त्या खिडकीशी उभ्या, लग्नात मांडवाच्या खांबाशी उभ्या. आणि रविवारी सकाळी, आमच्या वस्तीतल्या बुद्ध विहाराच्या हॉलमध्ये पंचवीस-तीस लेकरांना युकुलेले शिकवताना तर उभ्याही नव्हे, सतत चालत. लेकरं गोल करून मांडी घालून बसायची आणि ताई त्या गोलाच्या बाहेरून, त्यांच्या पाठीमागून फिरत राहायच्या. कुणाच्या खांद्यावर टिचकी, कुणाच्या मनगटाखाली बोट, मध्येच कमरेत वाकून एखाद्या वाद्याला थेट कान लावणं. "बसलं की कानसुद्धा मांडी घालतो," असं त्यांचं म्हणणं.

युकुलेले म्हणजे गिटारीचं धाकटं भावंड. चार तारा, त्याही नायलॉनच्या, म्हणून लहान बोटांना टोचत नाहीत. ताईंच्या पुतण्यानं पुण्याहून एक आणलं आणि कंटाळून घरात टाकून दिलं. ते ताईंनी उचललं, स्वतः शिकल्या आणि मग शाळेत, वस्तीत, जिथे जमतील तिथे लेकरं गोळा करायला लागल्या. "गिटारीला पोरगं लटकतं," त्या म्हणायच्या, "हे पोराला लटकतं. लहान हाताला लहान वाद्य. ह्यात कसली आलीय गंमत, साधा न्याय हाय."

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तो पत्रक द्यायला गेलो तेव्हा. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी चळवळीची पत्रकं आली. वडील छापून आणायचे, आई घड्या घालायची, आणि मी अक्षरं त्यांच्यावरच शिकलो. त्या दिवशीचं पत्रक मी लिहिलेलं पहिलंच होतं. दहावी झालेलं प्रत्येक लेकरू लातूरच्या क्लासला पाठवायचं, तिथे त्याला चार वर्षं खोलीत कोंडायचं, डॉक्टर झालं तर मिरवायचं आणि नाही झालं तर त्याचं नाव काढायचं नाही, या धंद्याविरुद्ध ते होतं. मथळा होता, "लेकरं म्हणजे कच्चा माल नव्हे!" ताईंनी ते चालता चालता वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "बराबर लिहिलंस. पन उद्गारचिन्हं लई झाली. सगळंच ओरडलास तर ऐकू काय येईल?" मी काही उत्तर देण्याआधी त्यांनी एक युकुलेले माझ्या हातात कोंबलं. "धर. त्या पोरीच्या हातातलं हाय, सुरात लाव."

"मला येत नाही."

"ऐकू येतं ना? मंग बास."

तेव्हापासून मी दर रविवारी जायला लागलो आणि त्यांनी माझं नाव पाडलं, पत्रकवाले.

त्यांच्या वर्गाची एक पद्धत होती, तशी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. सगळी वाद्यं त्या रजईच्या दोन खोळींत भरून आणायच्या आणि हॉलच्या मधोमध ओतायच्या. कुणाचंही वाद्य कुणाचं नाही. हाताला येईल ते घ्यायचं. आणि सुरात लावायचं ते स्वतःच्या हातातलं नाही, शेजारच्याचं. शेजारच्यानं तारा छेडायच्या, आपण त्याच्या खुंट्या पिळायच्या. विहारात एक जुनी पेटी होती. ताई तिची पांढरी एक दाबायच्या, म्हणजे लेकरांचा सा, आणि मग सगळा गोल वरून खाली एकेक तार जुळवत म्हणायचा, "प, सा, ग, ध." अर्धा तास यातच जायचा. एखादी आई दारातून म्हणायची, "ताई, गाणं कवा शिकवणार?" ताई म्हणायच्या, "हेच गाणं हाय. दुसऱ्याचं ऐकून राहिलेत, दिसतंय ना?"

मोबाइलवरच्या ट्यूनरला मात्र सक्त मनाई. "काट्याकडं बघून सूर लावला की कान झोपतो. आधी ऐक, मंग पीळ." पहिले कित्येक आठवडे एकच कॉर्ड, सी. तिला एकच बोट लागतं, अनामिका. पहिलं बोट हुशार, मधलं दांडगं, करंगळी लाडकी. हिला कुणी काही काम सांगत नाही, म्हणून सुरुवात हिच्यापासून, असं ताई लेकरांना सांगायच्या आणि लेकरं आपापल्या त्या बिचाऱ्या बोटाकडे कौतुकानं बघत बसायची.

कौतुक मात्र ताईंना चालत नसे. म्हणजे मोठ्यांनी केलेलं. मी एकदा म्हणालो, "चालतंय ताई, लहान आहेत." त्या गर्रकन वळल्या. "कुणाला चालतंय? आपल्या लेकरांना सगळं चालतंय. गळकी शाळा चालतीय, अर्धा मास्तर चालतोय. आता बेसूर बी चालवायचं का?" एका कार्यक्रमात पाहुणे म्हणाले, "वस्तीतली मुलं असून किती छान वाजवतात!" ताईंनी माईक हातात असतानाच विचारलं, "असून म्हणजे?" पाहुण्यांना पुढे बराच वेळ खोकला लागला.

त्यांचा राग काय होता ते मी नांदेडातल्या एका नव्या कॉलनीत पाहिलं. तिथे शनिवारी त्यांचा दुसरा वर्ग होता. डॉक्टर, प्राध्यापक, बँकवाले यांची मुलं. पद्धत तीच, खोळी ओतायची. एक दिवस एका मुलाची आई त्याच्यासाठी ऑनलाइन मागवलेलं निळं युकुलेले घेऊन आली. "मॅडम, आमच्याचं हे त्यालाच राहू द्या. तुमची ती पोत्यातली तिकडच्या वस्तीतही जातात ना?"

"तिकडच्या म्हणजे?"

"तसं नाही हो. हायजीनचा प्रश्न आहे."

"हायजीन म्हणलं की सोपं जातं, न्हाई का?" ताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. त्यांनी एकेका मुलाच्या हातून वाद्य काढून घेतलं, खोळींत भरलं आणि मुलांना सांगितलं, "लेकरांनो, तुमचं काही चुकलं न्हाई. क्लास बंद झाला. कामून झाला ते घरी विचारा." त्या कॉलनीत त्या पुन्हा पाय ठेवायला गेल्या नाहीत. परत येताना मी त्यांच्या मागे अक्षरशः पळत होतो. मला त्या वेळी त्या आमच्या सगळ्या चळवळीपेक्षा मोठ्या वाटल्या.

हे सांगितलं पाहिजे, कारण पुढे जे झालं त्यावरून कुणाला वाटेल की ताई भांडायला घाबरत होत्या.

विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष होते गोविंदकाका, एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या मनात हॉलमध्ये अभ्यासिका काढायची होती. जमिनीत टेबलं पक्की करायची, सातही दिवस पूर्ण शांतता, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. म्हणजे युकुलेलेचा वर्ग बंद. काकांना वाईट माणूस ठरवणं सोपं होतं आणि मी ते पुष्कळ केलं. पण त्यांनी स्वतः दोन खोल्यांतल्या नऊ माणसांत अभ्यास केला होता, कान दाबून. "शैला," ते म्हणाले, "ह्या गल्लीतून साहेब निघाला पाहिजे. तुनतुन करून कुणी साहेब झालाय का?"

"साहेब झाल्यावर करायला काहीतरी पाहिजे की, काका."

काका हसले. पण हटले नाहीत. शेवटी कमिटीत ठरलं, लातूरला लेकरांच्या वाद्यवृंदांची स्पर्धा आहे. तिथे नंबर आणा, हॉल तुमचा. नाही तर अभ्यासिका. ताईंनी मान हलवली. छपराखालची दुसरी जागा त्यांच्याकडे नव्हती. इतकी लेकरं मावतील असं घर आमच्या वस्तीत कुणाचंच नाही.

मग त्या अजूनच चालायला लागल्या. रविवार होताच, आता रोज संध्याकाळी सराव. हदगावहून आल्या की पर्स खांद्यावर तशीच ठेवून वर्ग. याच दिवसांत एकदा सम्यकानं आईचा मोबाइल आणला. सम्यका पाचवीतली, ऑटोवाल्या मिलिंदची मुलगी, बोलायला कमी आणि कानाची तिखट. वाद्यं लावून झाली तशी ती म्हणाली, "ताई, काटा लाल दाखवून राहिलाय. सगळ्यांचाच."

"फोन ठेव."

"पन ताई, एकाचं बी हिरवं येत न्हाई..."

"ठेव म्हणलं ना! फोनला कान हायेत का? पेटी हाय समोर, तिचं ऐक." लेकरं हसली. सम्यकानं फोन बंद करून मांडीखाली सरकवला. मीही हसलो होतो. काट्यांवर आणि मोजपट्ट्यांवर माझा आधीपासून राग.

लातूरला आम्ही सकाळच्या गाडीनं गेलो. खोळी लेकरांच्या मांडीवर, आणि सगळी गाडी "प, सा, ग, ध" म्हणत. स्पर्धा एका खासगी क्लासच्या सभागृहात होती. भिंतीवर आदल्या वर्षी नंबरात आलेल्या मुलांचे फोटो, एकही हसरा नाही. स्पर्धेचा नियम असा, की प्रत्येक वृंदानं आयोजकांच्या तयार साथीवर वाजवायचं. तबला आणि की-बोर्ड, सगळ्यांना तीच साथ, सी मध्ये, म्हणजे आपली पांढरी एक. ताईंनी नियम आधीच वाचला होता. "सी तर सी. आपलं सी लोखंडासारखं हाय," त्या म्हणाल्या होत्या.

लेकरं रंगमंचावर बसली. साथ सुरू झाली. आणि पहिल्याच आघाताला, चहात दूध पडावं आणि फाटावं, तसं झालं. सगळी युकुलेले एकमेकांशी पक्की, आणि सगळीच्या सगळी त्या साथीच्या किंचित खाली. लेकरांना कळेना की काय बिघडलं, म्हणून ती जोरात वाजवायला लागली. जोरात वाजवलं तसं ते आणखी फाटलं. सम्यकानं मध्येच हाताचा पंजा तारांवर ठेवून आपलं वाद्य गप्प केलं आणि विंगेत ताईंकडे बघितलं. ताई चालायच्या थांबल्या होत्या.

टाळ्या झाल्या. ताईंना ज्यांचा सगळ्यात जास्त तिटकारा, तसल्या.

परीक्षकांत उदगीरकडचे एक स्वामी सर होते, कपाळावर भस्माचे पट्टे, संगीत शिकवून निवृत्त झालेले. ते स्वतः उठून मागे आले. "बाई, लेकरं तयार हायेत. एकमेकांना सोडत न्हाईत. असं जुळलेलं आज दुसरं कुणी न्हाई. पन सगळीच उतरलीत. कशावर लावता?"

"पेटीवर."

"पेटी कधी दाखवली होती कुणाला?"

सर लेकरांच्या डोक्यावरून हात फिरवून निघून गेले. नंबर अर्थातच आला नाही.

परतीच्या गाडीत मी मोबाइलवर पत्रक लिहायला घेतलं. सगळ्यांचा सा एकच असला पाहिजे हे कुणी ठरवलं? आमची लेकरं एकमेकांशी सुरात होती, मग बेसूर कोण, ती की तुमची साथ? असं बरंच. मला ते फार आवडलं होतं. आणि सगळ्या लेकरांना एकाच यंत्रामागे पळायला लावणारा तो नियम मला आजही पटत नाही. मी ताईंना वाचून दाखवलं. त्या दांडीला धरून उभ्या होत्या. "चांगलं हाय," म्हणाल्या, आणि बाहेरच्या सोयाबीनकडे बघत राहिल्या.

नांदेडला पोचल्यावर लेकरं घरी गेली. ताई सरळ विहारात. पेटीवरचं कापड काढलं, माझा मोबाइल मागितला, त्यात ट्यूनर उघडायला लावला आणि पांढरी एक दाबली. काटा डावीकडे पडला, म्हणजे सूर खाली. दुसरी पट्टी, तिसरी पट्टी, काटा डावीकडेच. पेटी सगळी एकसारखी उतरली होती, म्हणून इतके दिवस कुणाला खटकलं नव्हतं. किती वर्षं ती तशी वाजत होती कुणास ठाऊक. ताईंनी भाता मिटला आणि त्या फरशीवर बसल्या. त्यांना बसलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. "पोरगी सांगून राहिली होती," एवढंच त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी हॉलमध्ये कमिटी बसली. मी ताईंच्या बाजूनं भांडायला गेलो होतो. पण भांडायची वेळच आली नाही, कारण गोविंदकाकाच विरघळले होते. त्यांची नात त्या वृंदात होती आणि लातूरहून आल्यापासून जेवत नव्हती. ते म्हणाले, "शैला, मला एक सांग. तिथं आपल्या लेकरांशी दुजाभाव झाला का? झाला असंल तर झाला म्हण. मी आत्ता निषेधाचा ठराव मांडतो. आन् मंग हॉल काढून घ्यायची कुणाची छाती हाय बघतो मी."

सगळ्यांच्या माना हलल्या. मी खिशातून पत्रक काढलं होतं. एक शब्द, आणि हॉल आमचा.

"झाला न्हाई," ताई म्हणाल्या.

"काय?"

"दुजाभाव. त्या कॉलनीत झाला तवा मी वाद्यं उचलून निघाले, तुम्हाला विचारायला थांबले का? इथं झाला न्हाई. आपली पेटी उतरलेली हाय. सम्यकानं मला सांगितलं होतं, मी तिला गप्प केलं. लेकरांची चूक न्हाई, स्वामी सरांची न्हाई. माझी हाय."

"अगं, पन कुणाला कळणार हाय?" काका आवाज खाली आणून म्हणाले. "त्यांनी काय आपल्याशी कधी दुजाभाव केलाच न्हाई का? एका पेटीपायी लेकरांचा हॉल घालवतीस?"

"केला हाय. रोज होऊन राहिलाय. उद्या पुन्हा होईल, काका. तवा तोंड उघडलं की लोकांना खरं वाटलं पाहिजे. त्या दिवशी लागणारा शब्द आज असा खर्चू नका."

काकांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "मंग माझा बी शब्द ठरलेला हाय, शैला." हात वर झाले. हॉल अभ्यासिकेला गेला.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर तुटून पडलो. "तत्त्वं मलाही आहेत, ताई. पण माझी तत्त्वं लेकरांचं छप्पर उडवत नाहीत!"

"हाव," त्या मान हलवून म्हणाल्या आणि खोळी खांद्यावर टाकून चालू लागल्या.

पुढे वर्ग त्यांच्या गच्चीवर भरायला लागला. गोल तिथे मावत नव्हता, म्हणून दोन ओळी. सम्यकाचा, म्हणजे तिच्या आईचा, फोन मध्ये ठेवलेला असे. आधी कान, मग काटा, असा नवा कायदा झाला होता. पण नांदेडच्या उन्हाळ्यात गच्चीवर कोण टिकणार? तारा सैल पडायच्या, लेकरं भोवळायची. एकेक घर म्हणायला लागलं, शाळा सुरू झाली की बघू. आणि शाळा सुरू व्हायच्या आधी बदल्या झाल्या. ताईंची बदली माहूर तालुक्यात, डोंगरातल्या एका शाळेवर. रोज जाऊन येण्यासारखं अंतर नाही. त्या गेल्या, खोळी घेऊन गेल्या. विहारात आता टेबलं ठोकली आहेत. तिथे वाकलेल्या मुलांची मी चेष्टा करत नाही. त्यातली दोन माझी मावसभावंडं आहेत. पण रविवारी सकाळी तिथून जाताना माझ्या डोक्यात अजूनही आग होते. एका शब्दानं तो हॉल वाचला असता.

मागच्या आठवड्यात मी त्यांना फोन केला. म्हणालो, तुमच्यावर लिहितोय.

"लिही. पन देवी करू नको माझी. माहूरला एक हाय, तेवढी बास हाय," त्या म्हणाल्या. मागून लेकरांचा गोंगाट आणि त्यांच्या चपलांचा आवाज येत होता. अर्थात चालतच बोलत होत्या. मग स्वतःच म्हणाल्या, "आन् हे बी लिही, की हॉल गेला त्या दिवशी मी घरी जाऊन रडले. वाटलं, म्हणायला पाहिजे होतं. दुजाभाव झाला म्हणून टाकायचं होतं. अजून बी कधी कधी वाटतं."

मी इतके दिवस ज्या वाक्यासाठी त्यांच्याशी मनात भांडत होतो, ते त्यांनीच असं उचलून दिलं. मी चिडूनच विचारलं, "मग म्हणाला का नाहीत?"

चपलांचा आवाज थांबला.

"तू दाराकडं पाठ करून बसला होतास," ताई म्हणाल्या. "सम्यका उभी होती उंबऱ्यात. काका विचारून राहिले होते मला, आन् ती बघून राहिली होती माझ्याकडं. एकदा तिला गप्प केलं होतं रे मी. पुन्हा तिच्यादेखत सांगू का, की पोरी, तुला ऐकू आलं ते खोटं होतं?"